हां-मामांची मान

हां-मामांना काहीही विचारा, ते मान डोलवून "हां" म्हणत. चहा घेणार? हां. आज मंगळवार की बुधवार? हां. लग्न होऊन मी टेमघरच्या चाळीत आले तेव्हा मला वाटलं, माणूस जरा अर्धवटच दिसतो. मग त्यांच्या बायकोने, काशीमामींनी, सांगितलं, "आगं, लूमवर कान गेलं त्यांचं. समोर ऱ्हाऊन बोल. ओठ दिसलं का समजतं त्यांना."

खारबावची शेती भावांवर सोडून मामा पोरवयात लूमवर, कापड विणायच्या यंत्रमागावर, आले होते. तिथल्या खडखडाटात सगळेच ओठ वाचून बोलत. ज्याचे ओठ दिसले नाहीत त्याला सरळ "हां" म्हणायचं, हा मामांचा शिरस्ता. "न्हाय म्हटला तर मानूस रागावतो. हां म्हटला तर चा पाजतो," म्हणून स्वतःच हसायचे.

सत्तर साली दंगल झाली, कर्फ्यू लागला. नेमक्या त्याच दिवसांत मामींना कळा सुरू झाल्या. सुईण पलीकडच्याच गल्लीत, पण पोलिसांनी मामांना कोपऱ्यावरूनच मागे हाकललं. आम्ही बायकांनी जमेल तसं केलं. मुलगा झाला. मामा माझ्या तोंडाकडे बघत विचारत राहिले, "रडला का? मना ऐकू येत न्हाय, तू सांग, रडला का?" मूल रडलंच नव्हतं.

पुढे दुष्काळ आला, रेशनच्या रांगा लागल्या, रेल्वेचा संप झाला. मामींना दिवस जात, पण गर्भ टिकत नसे. तरी दर खेपेला मामा वाया गेलेल्या सुताची पाळण्याला नवी दोरी वळत.

आणीबाणीत एका सकाळी मुकादम कामगारांना सरकारी शिबिराच्या मांडवाकडे घेऊन गेला. "चलो, डॉक्टर आये हैं." डॉक्टर म्हटल्यावर मामा हरखले. आता कानांचं काहीतरी करतील, असं त्यांना वाटलं. टेबलामागच्या माणसाने कागदावरून नजर न काढताच विचारलं, मुलं आहेत ना? नसबंदीला राजी ना? सोबतच्या कामगाराने हे आम्हाला नंतर सांगितलं. मामांना ओठ दिसले नाहीत. त्यांनी दोन्हीला मान डोलावली.

ते कळवळत घरी आले, हातात शिबिरात बक्षीस मिळालेला तुपाचा डबा. मामींनी तो भिरकावला आणि कपाळ बडवून घेतलं. नजर वर करायला त्या टेबलामागच्या मेल्याचं काय जात होतं?

त्या दिवसापासून मामांची मान आडवीच हलू लागली. चहा? न्हाय. भाकरी? न्हाय. अहो, उपाशी मरायचंय का? न्हाय.

सत्याहत्तरला सरकार पडलं. रस्त्यावर गुलाल, फटाके. मामांनी मला दारातच गाठलं. "सरकार गेला नं? मंग आता माझा परत जोडतील?" आत चुलीपाशी मामींचा हात थांबला. मी आधीच दवाखान्यात विचारून आले होते. मामांची नजर माझ्या ओठांवर खिळलेली. शेवटी मी नुसती मान हलवली. नाही.

मामांनी ते पाहिलं. आणि कितीतरी महिन्यांनी, जुन्या सवयीने, त्यांची मान डोलली.

"हां," ते म्हणाले.