डोळा लाल नव्हता

हेंद्रेपाड्याच्या कैलासला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. ग्राइंडिंग करताना कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला की तो काढायचा कैलासनेच. अंबरनाथच्या कारखान्यात गेली वीस वर्षं हे चाललं होतं. पापणी उलटायची, काडीला कापूस गुंडाळायचा, एका फटक्यात कण बाहेर. लोक डॉक्टरकडे न जाता त्याच्यापुढे मान वर करून बसत. दुसरी गोष्ट म्हणजे तो बोलायच्या आधी मारायचा. एका रिक्षावाल्याचा त्याने दात पाडला होता, आणि बायकोला, संजीवनीला, काय सोसावं लागतं ते शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू यायचं. माणूस कष्टाळू आहे असं सगळे सांगतात. असेल, पण कष्टाळू माणसाचा मार काही कमी लागत नाही.

त्यांची सोनिया अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला आतड्यांच्या सुजेचा आजार निघाला. पोटात कळा, संडासवाटे रक्त, अंगावर मांस धरेना. औषधांनी पोट सावरलं. दिवाळीनंतरच्या तपासणीत पोटाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन मशीनवर तपासून घ्या, तक्रार नसली तरी.

तक्रार नसताना डोळे दाखवायचे, हे कैलासच्या डोक्यात शिरेना. घरी आल्यावर त्याने पोरीला खिडकीशी उभं केलं आणि दोन्ही पापण्या उलटून पाहिल्या.

"दुखतंय?"

"नाय, पप्पा."

"लाल नाय, पाणी नाय. डोळा एकदम क्लीन आहे. पोटाच्या डॉक्टरला डोळ्यातलं काय कळतंय?"

"एकदा दाखवून तरी येऊ," संजीवनी म्हणाली. त्याने तिच्या कानाखाली वाजवली आणि चिठ्ठी फाडून टाकली. तिने पुन्हा विषय काढला नाही.

होळीच्या सुमारास सोनिया वेंधळी झाली. उंबऱ्याला ठेचकाळायची, वहीत एकाच ओळीवर दोनदा लिहायची. प्रत्येक वेळी पाठीत धपाटा बसायचा. मग एका दुपारी तिने आमटी वाढताना पळी ताटाबाहेर ओतली, थेट कैलासच्या मांडीवर. कढत आमटी. त्याने बसल्या जागेवरून अशी थोबाडीत दिली की पोरगी ओट्याच्या कडेवर आदळली. भुवई फुटली, रक्ताची धार गालावरून फ्रॉकवर आली. ती रडली नाही. जमिनीवर हात फिरवत पळी शोधत राहिली. पळी तिच्या पुढ्यातच पडली होती.

संजीवनीने ते पाहिलं, पोरीला उचललं आणि कुणाला न विचारता रिक्षात घातलं. भाजलेली मांडी घेऊन कैलास मागून मोटारसायकलवर आला.

उल्हासनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी भुवईला टाके घातले, मग थेंब टाकून मशीनवर बराच वेळ पाहिलं. पोरीला बाहेर बाकड्यावर बसवून त्यांनी आईबापाला आत बोलावलं आणि दोन्ही डोळ्यांना आतून सूज असल्याचं सांगितलं.

"माझ्या मारानं झालंय का?" कैलासनेच विचारलं. हो म्हणाल्या तर बरं, असं त्याला वाटत होतं. मारलं एवढं कबूल करणं त्याला जमलं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "टाके पडले ते तुमच्या मारानं. आतली सूज काही महिन्यांपासून आहे. आतड्याच्या या आजारात मुलांच्या डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, म्हणून मशीनवर बघावं लागतं. बाहुली आतल्या भिंगाला चिकटली आहे. उजवा डोळा वाचेल, डाव्याची खात्री नाही. तुम्हाला तपासायला सांगितलं नव्हतं का कुणी?"

कैलास खुर्चीवरून उठला. ते दोघं बाहेर आले. दाराशीच संजीवनी वळली आणि लग्नाच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या मुस्काटात मारली. एकदा, दोनदा, मग त्याच्या तोंडावर, छातीवर, हात दुखेपर्यंत. कंपाउंडर धावत आला. कैलास भिंतीला टेकून उभा राहिला, त्याने एकदाही हात उचलला नाही.

बाकड्यावरच्या सोनियाला थेंबांमुळे समोरचं काही नीट दिसत नव्हतं. तिला फक्त थोबाडीत बसल्याचे आवाज येत होते. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

"पप्पा, सॉरी," ती म्हणाली. "परत नाय सांडणार."