पाठमोरी मराठी

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावला फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हा मी सातवीत होते. सोसायटी नवी, रस्ते कच्चे, लिफ्ट अजून सुरू व्हायची होती. बाबांना वेगळीच धास्ती. पोरगी आधीच दिल्लीत वाढलेली, आता तर आसपास एकही मराठी घर नाही. म्हणून त्यांनी कायदा केला, उंबऱ्याच्या आत हिंदी बंद.

माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आई लसणीचं तेल कोमट करून घालायची, वर कापसाचा बोळा. पुढे उजवाही वाहू लागला. दुखत मात्र फारसं नव्हतं, तिथेच घात झाला. डॉक्टरकडे जावं असं कुणालाच वाटलं नाही.

आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून बोलायची, बाबा पेपरच्या आडून. मी सारखी "काय?" विचारायचे, नाहीतर भलतंच उत्तर द्यायचे. शाळेत मात्र पहिल्या बाकावरून बाईंचे ओठ दिसायचे, सगळं समजायचं. मार्कही बरे पडायचे. त्यावरून बाबांनी ठरवलं की हिला हिंदी झकास कळते, लाज वाटते ती मराठीची. "दिल्लीचं पाणी लागलंय हिला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

मग रोज संध्याकाळी मराठी शुद्धलेखन सुरू झालं. बाबा माझ्या मागे येरझाऱ्या घालत उतारा सांगायचे आणि मी अर्धी वाक्यं गाळायचे. मला त्यांचा इतका राग यायचा, की ऐकू आलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

एका सकाळी चक्कर येऊन मी बाथरूममध्ये पडले, तेव्हा कुठे दिल्लीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तेल आणि पू पुसून काढला, दिवा लावून बराच वेळ आत पाहिलं. मग मला स्टुलावर बसवून ते माझ्या मागे गेले. मला काहीच ऐकू आलं नाही. समोर बाबा होते. ते माझ्याकडे बघत, मग डॉक्टरांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरत गेला, तेव्हा मला कळलं की डॉक्टर मागून काहीतरी विचारताहेत, आणि तेही हिंदीतच.

डाव्या कानातली बारीक हाडं सडली होती. ऑपरेशन करायचं ते सड मेंदूपर्यंत पोचू नये म्हणून, त्या कानाचं ऐकणं परत येणार नव्हतं. उजव्याच्या पडद्याला भोक होतं, त्याला ऐकायचं यंत्र लागणार होतं.

"पहले लाते तो?" बाबांनी विचारलं.

"बच जाता," डॉक्टर म्हणाले. तेवढं मी त्यांच्या ओठांवरून वाचलं.

ऑपरेशन होऊन मी घरी आले. डोक्याला पट्टी होती, यंत्र अजून मिळायचं होतं. बाबा खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले आणि ओठ सावकाश हलवत मराठीत काहीतरी बोलले. मला एक शब्द कळेना. ओठ वाचायला मी वर्गात शिकले होते, हिंदीत. मराठी माझ्याशी असं समोर बसून कुणी बोललंच नव्हतं.

त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाबा, हिंदी में बोलिए," मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "दर्द हो रहा है, बेटा?"