झाडू कुणाच्या हातात

सातवीत होते. आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून शाळेला यायला एकच एसटी, ती त्या दिवशी अर्धा तास उशिरा आली. वर्गाच्या दारात माझ्याबरोबर डॉक्टरांची मुलगीही उभी होती. तिलाही उशीर झाला होता. गुरुजी तिला म्हणाले, "बस बेटा." मग माझ्याकडे वळले. "तांड्यावरची ना तू? तुले सवय आहे. जा, संडास झाडून ये."

झाडून आले. हाताला फिनाइलचा वास. बाकावरची मैत्रीण सरकून बसली. याडीला, म्हणजे आईला, सांगितलंच नाही. सांगून ती तरी काय करणार होती? वर्षभर, एसटीला उशीर झाला की झाडत राहिले. हा नियम कुणी केला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता मी स्वतः शिक्षिका आहे. शिकवायचं राहतं बाजूला. सर्वे, ऑनलाइन फॉर्म, मीटिंगा. जीव शिणतो. अशाच एका शिणलेल्या सकाळी कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची एक मुलगी उशिरा आली आणि माझ्या तोंडून निघालं, "झाडू घे."

ती जागची हलली नाही.

"मॅडम, काल ठेकेदाराची पोरगी उशिरा आली. तिले झाडू काहून नाही देला?"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. एवढी वर्षं ते गुरुजी माझ्याच आत बसून होते. लाज वाटली. अजून वाटते.

त्या दिवशी गणित बाजूला ठेवलं. मुलांना म्हटलं, नियम तुम्ही सांगा. दोन तास भांडली. शेवटी कागदावर आलं ते असं: उशीर झाला तर कारण सांगायचं. गाडीच उशिरा आली तर दोष नाही. बुडालेला धडा सुट्टीत भरून काढायचा. झाडणं ही शिक्षा नाही. जो जो शाळेत येतो, त्या प्रत्येकाची झाडायची पाळी. खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही.

मुख्याध्यापकांनी भिंतीवरचा कागद वाचला.

"पोट्टे नियम बनवतीन, तर आपण कायले आहो इथं? काढा तो."

"नाही काढणार, सर."

"वर कळवतो मी."

"कळवा."

तेव्हापासून ते बोलत नाहीत. बदलीची कुजबुज आहे. थकले आहे मी, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी पाळी माझी होती. संडास झाडला. ठेकेदाराची पोरगी पाणी ओतत होती.

पाळीच्या यादीत पुढच्या सोमवारी मुख्याध्यापकांचं नाव आहे. मुलांनी लिहिलंय. मी ते खोडणार नाही.