ताईच्या गावची बस

आमदारांना सगळे काटछाट साहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांची पाठ वळेपर्यंत थांबायचा धीरही कोणाला नसे. सभागृहात कोणी नवा खर्च मांडला की साहेब चष्मा पुसायला घेत, आणि ते पाहून मांडणाऱ्याला घाम फुटे. कार्यालयातले दिवे स्वतः विझवत. भेटायला येणाऱ्याला चहा मिळे तो त्यांच्या घरून आलेल्या थर्मासमधला, तोही अर्धा कप. माणूस चिकट आहे, पण धुतल्या तांदळासारखा, असं विरोधकसुद्धा म्हणत. या एवढ्या भांडवलावर ते दोनदा निवडून आले होते आणि आता तिसऱ्यांदा उभे होते.

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. साहेबांकडे नेमकं उलट. तोट्यातल्या बसफेऱ्या बंद करायची वेळ आली तेव्हा समितीचे अध्यक्ष तेच होते. डोंगरापलीकडच्या शेवटच्या गावाची फेरी काठावर पास होत होती. राहू द्या, असं अधिकारी स्वतः म्हणाला होता. पण त्या गावात साहेबांची मोठी बहीण राहायची. आई गेल्यावर जिनं त्यांना न्हाऊमाखू घातलं, कापडाच्या कारखान्यात उभ्यानं राबून शिकवलं, ती ताई. लोक म्हणतील, बघा, बहिणीची बस वाचवली. साहेबांनी ती फेरी आपणहून बंद करायला लावली. सभागृहात बाकं वाजली, आणि त्या रात्री त्यांना झोपही छान लागली.

जाग आली ती रविवारी. दर रविवारी ताई त्याच बसनं यायची. चपला काढायच्या आधीच वाळलास म्हणायची, भावजयीला बाजूला सारून स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची, आणि ज्याला अख्खं सभागृह वचकून असे त्याला ताटात टाकलंस तर बघ म्हणून दरडावायची. जेवल्यावर दोघं बाल्कनीत बसत. फारसं बोलत नसत. बोलायची गरजच नसे.

त्या रविवारी साहेब खिडकीशी उभे राहिले. पुढच्याही राहिले. गाडी काढून जाऊन या ना, असं बायको म्हणाली. पण जाऊन सांगायचं काय? आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोन वर्षं सरली. फोनवर ताई गोड बोलायची, आणि ते गोड बोलणंच त्यांना खात राही. ताई त्यांच्याशी जन्मात कधी गोड बोलली नव्हती. तिच्या एका शिवीसाठी ते तळमळत होते.

प्रचार फिरत फिरत त्या गावी आला. शाळेच्या पटांगणात साहेब जनतेच्या पैशाविषयी बोलत होते आणि नजर गर्दीत ताईला शोधत होती. ताई आली नव्हती. सभा संपली तशी त्यांनी कार्यकर्त्यांना थांबायला सांगितलं. गाडी प्रचाराची, काम घरचं. म्हणून चढण ते पायीच चढले.

ताई दोरीवरचे कपडे काढत होती. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. हे त्यांना माहीतच नव्हतं. तिनं चहा ठेवला, कप भरून दिला, प्रचार कसा चाललाय ते विचारलं. साहेबांनी कसंबसं सुचवलं, की यापुढे दर रविवारी स्वतःची गाडी पाठवीन, पेट्रोल माझ्या खिशातून.

"एकटीसाठी गाडी?" ताई म्हणाली. "बसमधल्या बाकीच्यांनी काय पाप केलं होतं?"

साहेबांनी कप खाली ठेवला.

"एक खरं सांग. ती बस तोट्यात होती?"

"काठावर होती," साहेब म्हणाले. "ठेवता आली असती. पण लोक म्हणाले असते, बहिणीसाठी ठेवली."

"म्हणाले असते तर म्हणू द्यायचं. एवढं तरी सोसायचं माझ्यासाठी."

चहावर साय धरली. आपण नाव राखलं आणि माणूस घालवलं, हे त्यांना त्या लहानशा खोलीत पहिल्यांदा लख्ख कळलं, आणि खूप उशिरा कळलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला. पुढच्या गावची सभा खोळंबली होती. ते उठले, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यातच घुटमळले.

"या खेपेला पडलो तर बरंच होईल," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "मग दर रविवारी इथेच येऊन बसेन."

ताई हसली नाही. तिनं त्यांच्या सदऱ्याची मुडपलेली कॉलर सरळ केली.

"तुझा शब्द मी कधी मोडला नाही," ती म्हणाली. "मग मत कोणाला देऊ, तेवढं सांगून जा."

मत मागण्यात साहेबांचा हात धरणारा त्या मुलखात कोणी नव्हता. हॉर्न पुन्हा वाजला, तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.