गालात धरायची छुर्पी

धनमाया राईच्या डोळ्यांत निभाचा जबडा खुपत होता. निभाचा स्वतःचा नव्हे, तो बिचारीचा ठीकच होता. खुपत होता तो या नव्या मास्तरणीने जनकपूरहून वर्गात दाखवायला आणलेला गुलाबी हिरड्यांचा प्लास्टिकचा जबडा. कळ दाबली की उघडायचा, सोडली की मिटायचा, आणि पोरं खिदळून लोळायची.

नेपाळच्या डोंगरांत, इलामच्या वरच्या अंगाच्या त्या शाळेत दातांचा धडा घ्यायचा तो धनमायानेच, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. मक्याचं कोवळं कणीस कुरतडायला पुढचे दात, वाळवलेलं मांस फाडायला सुळे, भाजलेला मका भरडायला दाढा. पोरांची पोटं भरत आणि धडाही होई. कुणाचा दात हलू लागला की पोर तिच्याकडेच यायचं. ती दोरा बांधायची, "काल घरी काय शिजलं रे?" म्हणून विचारायची आणि उत्तर यायच्या आत दात हातात! मग सगळी वरात शाळेमागच्या दगडी भिंतीतल्या उंदराच्या बिळाशी. धनमाया मिस आधी म्हणायची, पोरं मागून ओरडायची, "उंदीरमामा, जुना घे, नवा दे!" अर्ध्या गावाचे दुधाचे दात आपल्या हातून गेले, याचा तिला भारी तोरा होता.

आणि आता ही कालची पोरगी! परवा वर्गातल्या सेनेहांगचा पुढचा दात पडला, तर तो धनमायाच्या दारावरून पळत निभाकडे गेला. निभाने तो कापूस घालून काडेपेटीत ठेवला आणि वर्गाला दाखवला. "बघा, हा कापायचा दात!" बीळ नाही, उंदीर नाही, काही नाही. खिडकीतून ते बघताना धनमायाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला त्या दिवशी भातसुद्धा गोड लागला नाही.

तशात हेडसर म्हणाले, "या वर्षी धडा दोघी मिळून घ्या." धनमाया हसून हो म्हणाली. घरी जाऊन तिने चुलीवर टांगलेली छुर्पीची माळ उतरवली.

दुसऱ्या दिवशी जबड्याचा खेळ झाला, टाळ्या झाल्या. मग धनमायाने पिशवीतून छुर्पीचे तुकडे काढून वाटले. याकच्या जातीच्या चौरी गाईच्या दुधाच्या चीजची, धुरावर वाळून दगड झालेली ती छुर्पी पोरांनी सवयीने गालात सारली. ती तासभर लाळेत भिजायची, मग कुठे दाढेखाली यायची. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही.

निभाने आपला तुकडा उलटसुलट करून पाहिला. खाली सपाटीवरच्या तराईतल्या मुलीने तो कुठे पाहिलेला असणार? "दिदी, हे खायचं कसं?"

एवढ्या एका प्रश्नासाठीच धनमाया रात्रभर कुशी बदलत होती. "अगं बहिनी," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली, "खडीसाखरेसारखं. पुढच्या दातांनी पाडायचा तुकडा. आत्ताच नाही का सांगितलंस, कापायचे दात पुढचे म्हणून? दाखव की पोरांना!"

थोडी फजिती व्हावी, पोरांनी हसावं, एवढंच तिला हवं होतं. सांगणारं कुणी नव्हतं. सगळ्यांचे गाल फुगलेले. मुना नावाची पोर तेवढी हात हलवत "ऊंऊं" करत उठली. तोवर निभाने जोर लावला होता.

कट्‌कन आवाज आला. निभाने तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा तळव्यावर थोडं रक्त होतं आणि पुढच्या दाताचा अर्धा तुकडा.

"दिदी," ती ओशाळून म्हणाली, "मी फार जोरात चावलं का हो?"

धनमायाने उरलेली छुर्पी घाईघाईने पिशवीत कोंबली.

सेनेहांगने गालातली छुर्पी हातावर काढली आणि निभाची साडी ओढली. "मिस, तो काडेपेटीत नका ठेवू. माझा ठेवला, तर अजून नवा आलाच नाही! धनमाया मिसला द्या. त्यांनी टाकला की येतोच."

"येतोच, येतोच!" सगळा वर्ग उठला. पोरांनी दोघींना ओढत भिंतीपाशी नेलं. पुन्हा तीच वरात. जबडा टेबलावर उघडाच राहिला होता, त्याच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

निभाने पोरांचं मन राखायला तुकडा धनमायाच्या हातावर ठेवला. हसायला गेली आणि फट दिसेल म्हणून तिने पटकन ओठ मिटले.

"म्हणा ना मिस!" मुना म्हणाली.

धनमायाने बिळाकडे हात नेला. "बहिनी," ती हळूच म्हणाली, "छुर्पी चावत नाहीत. गालात धरतात. मला ठाऊक होतं."

निभाने तिच्याकडे पाहिलं. मग ती तोंडाला पदर लावून वर्गाकडे निघाली.

पोरांना यातलं काही कळलं नाही. "कधी येईल हो निभा मिसचा नवा दात?" सेनेहांगने विचारलं. सगळी पोरं धनमायाभोवती दाटली होती आणि फक्त तिच्याकडेच बघत होती.