पहिल्या रांगेतला फोटो

नोटीस बोर्डावर कालच्या व्याख्यानमालेचा फोटो लागलाय. हॉल गच्च दिसतोय.

आमच्या कॉलेजात पद्धतच आहे. वक्ते बोलायला उभे राहिले की शिपाईमामा दटावतात, "पुढच्या तीन रांगा भरा रे, फोटो झाला की सुटलात!" दरवर्षीप्रमाणे कालही वक्ते होते आमचे निवृत्त सर. ही माला त्यांनीच सुरू केलेली. दोन वाक्यं झाली, फोटो झाला, आम्ही पसार.

कॅन्टीनमध्ये मी चष्मा पुसल्यासारखं करत त्यांची नक्कल सुरू केली. "मित्रहो, एके काळी इथं माणसं खिडक्यांत बसून ऐकायची! सुट्टीतल्या शिबिराला खेड्यापाड्यांतले मास्तर सायकली हाणत यायचे!" पोरं टेबलांवर चढली, खिडकीत बसली. शिट्ट्याच शिट्ट्या.

"चष्मा मी डाव्या हातानं पुसतो, बाळा." दारात सर उभे होते.

"सर, तुमचं भाषण?"

"रिकाम्या खुर्च्यांना काय सांगू? तुझ्याकडं खिडकीतसुद्धा माणसं आहेत. बोल पुढं."

पुढचं मला येतच नव्हतं. दरवर्षी दोनच तर वाक्यं ऐकलेली. सर निघून गेले.

फोटोत मी पहिल्या रांगेत आहे. हनुवटीवर हात ठेवून, अगदी कान देऊन ऐकतोय.