आंबा न कापता

बडोद्याबाहेर आमची केशर आंब्याची छोटी वाडी आहे. तोडणी कधी करायची हे सांगायचा मान कित्येक वर्षं माझा. मे महिना लागला की बाबांचा शहरात, मांजलपूरला माझ्या घरी फोन यायचा, "ये गं, पाड लागलाय का बघून जा." मी स्कूटर काढायची. देठाच्या दोन्ही बाजूंनी फळाचे खांदे भरलेत का बघायचं, देठाशी नाक न्यायचं आणि सांगून टाकायचं. तोडणारे गुजराती, तेसुद्धा "बेन कहे ते खरुं" म्हणून गप्प बसायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

यंदा फोन आलाच नाही. मग मीच गेले. बघते तर झाडाखाली भावजय, हातात एक यंत्र. फळाला टेकवायचं, आत उजेड जातो आणि आतला गर किती तयार झालाय त्याचा आकडा येतो. आंब्याला ओरखडासुद्धा नाही. शेतकी शिकलीये ना बाई! आणि बाबा? तिला ऊन लागू नये म्हणून छत्री धरून तिच्या मागे मागे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला धरली होती कधी छत्री?

"अजून चार दिवस थांबू या," आकडा बघून ती म्हणाली. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

वर हे विचारणं! "आजच तोडा. एवढा वास सुटलाय, नाकं चोंदलीत का सगळ्यांची?"

बाबांनी छत्री मिटली. "जेवून ठरवू," म्हणाले.

जेवताना माझ्या डोक्यात एकच. माझं चुकलं तर पुढच्या वर्षी कोण विचारणार मला? सगळे जरा आडवे झाले तशी सुरी घेऊन गेले, एक फळ तोडलं आणि उभी फोड काढली. कोयीपाशी गर पिवळा झालेला! धावतच ओट्यावर आले.

"बघा बाबा! आता बोला!"

भावजयीनं फोड बघितली. "हो की, तयार आहे. माझंच चुकलं, ताई." काय गार वाटलं म्हणून सांगू!

बाबा मात्र माझ्या हातातल्या सुरीकडे बघत होते.

"कापून बघितलंस?"

"हो, मग!"

"आजवर कधी कापलं नव्हतंस." आवाजात राग नव्हता. "म्हणजे तुझीही खात्री नव्हती."

मग सुनेकडे वळून म्हणाले, "चल, यंत्र घे, उरलेली झाडं बघून घेऊ."